सैल चावी : उपनगरांतल्या गिटारीचा एक दुर्लक्षित इतिहास

वाद्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा वादकांचा इतिहास लिहितात. कोण कोणापाशी शिकला, कोणत्या मैफलीत काय वाजवले, कोणत्या कारागिराने लाकूड कसे पारखले, इथवर त्यांची लेखणी रमते. तार जिच्यामुळे ताणलेली राहते त्या बोटभर वस्तूकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या आपल्या धर्मग्रामांत भिंतीवर किंवा कपाटावर गिटार असलेली घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी गिटारी आज मुक्या आहेत. विचारले तर उत्तर ठरलेले : ‘फादर, सुरात राहत नाही. चाव्या नव्या टाकल्या, तरी हलतात.’

नव्या चाव्या जुन्यांपेक्षा अधिक का हलाव्यात? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास ते व्हिएन्नातून निघते आणि शिकागो, चोर बाजार अशी वळणे घेत मरोळ-साकीनाक्याच्या गाळ्यांपर्यंत येते. तो प्रवास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे. जाता जाता दुरुस्तीविषयीही लिहू. कारण इतिहास ठाऊक नसला तर ही दुरुस्ती उलटीच होते, असे आमचे मत आहे.

आपल्या देशी वाद्यांत तार ताणण्याचे काम खुंटी करते. मिरजेची सतार किंवा तंबोरा पाहावा (तेथील या दोन्ही वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांना आठवत असेल). खुंटी निमुळती, भोकही निमुळते, आणि लाकडावर लाकडाचे घर्षण एवढाच काय तो आधार. खुंटी सरकू लागली की वादक तिला खडू चोळतो आणि आत दाबून पिळतो. यात अडचण अशी की हाताने जेवढे फिरवावे तेवढीच खुंटी फिरते. सूर केसभर वर न्यायचा तर हातही केसभरच फिरला पाहिजे. ते कठीण म्हणूनच तंबोऱ्याच्या तारेत मणी ओवलेला असतो. शेवटचा बारकावा त्या मण्यावर साधतात. व्हायोलिनची व्यवस्थाही अशीच घर्षणाची. पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई घेतली; साष्टी बेट १७३० च्या दशकापर्यंत त्यांच्याकडे राहिले. मंडपेश्वरला फ्रान्सिस्कन मठ उभा होता त्या काळात जी पाश्चात्त्य तंतुवाद्ये या बेटावर आली, तीही अशा लाकडी खुंट्यांचीच होती. दाते असलेली चावी तेव्हा गिटारीवर आलीच नव्हती.

ती येऊ लागली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंग्लंडमध्ये त्या वेळी गिटारीच्या कुळातले एक लहान वाद्य लोकप्रिय होते. लंडनच्या जॉन प्रेस्टन या वाद्यकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रात प्रत्येक तारेला एक लांब आट्यांचा दांडा असे, आणि घड्याळाला द्यावी तशी किल्ली लावून तो फिरवीत. यंत्र उत्तम, पण किल्ली हरवली की सगळेच अडले. पुढे १८२० च्या दशकात व्हिएन्नाचे योहान गेऑर्ग श्टाउफर यांच्या गिटारींवर आज आपण ओळखतो तशी चावी दिसते. आडवा आट्यांचा दांडा, त्यात दाते गुंतवलेले छोटे चाक आणि चाकाला जोडलेला उभा खांब. तार या खांबाभोवती गुंडाळायची. आजच्या चावीची मूठ बारा, चौदा, कधी अठरा वेळा फिरवावी तेव्हा खांबाचा एक फेरा पुरा होतो. केसभर सूर चढवण्याची जुनी अडचण अशा रीतीने सुटली. याहून मोठे मर्म असे की दांडा चाकाला फिरवतो, पण चाक दांड्याला फिरवू शकत नाही. तार कितीही ओढो, दाते शाबूत असलेली चावी आपण होऊन मागे येत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

श्टाउफर यांच्या हाताखाली काम केलेले ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन १८३३ साली अमेरिकेस गेले आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या नाझरेथ नावाच्या गावी स्थायिक झाले. मार्टिन गिटारींचा कारखाना आजही त्या गावी आहे. लाकूडकामाच्या धंद्याला नेमके हेच नाव लाभावे, हा योगायोग आम्हांला गमतीचा वाटतो.

गिटारीला वीज जोडली गेली ती विसाव्या शतकात. पुढे रिकनबॅकर या नावाने प्रसिद्ध झालेली पहिली विद्युत गिटार १९३२ साली बाजारात आली. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी पट्टी सरकवत वाजवायची हवाईयन पद्धतीची होती. १९५० पासून कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाच्या गिटारी कारखान्यात काढल्या आणि सहाही चाव्या माथ्याच्या एकाच बाजूस ओळीने लावल्या. १९५२ साली गिब्सन कंपनीने वादक लेस पॉल यांच्या नावाची गिटार काढली, तिला तीन चाव्या या बाजूस आणि तीन त्या बाजूस. लाकूड, आकार, आवाज, सारे निराळे. पण त्या काळात दोघांच्याही चाव्या शिकागोच्या क्लुसन कारखान्यातून येत. या चावीसाठी माथ्यात सुमारे ८.७ मिलिमीटरचे भोक पाडीत, त्यात धातूची एक पातळ नळी, कारागिरांच्या भाषेत बुश, दाबून बसवीत आणि तिच्यातून चावीचा पाव इंची खांब वर येई. मागे दोन बारीक स्क्रू. बस्स.

मग १९६० च्या दशकात जर्मनीच्या शॅलर आणि अमेरिकेच्या ग्रोव्हर या कंपन्यांच्या बंदिस्त चाव्यांचा बोलबाला झाला. त्यांचे दाते पेटीत बंद, वंगण आतच भरलेले, धूळ आत जायची नाही. बुश दाबून बसवायचा नाही. त्याला आटे, आणि माथ्याच्या पुढून षटकोनी नटाने आवळायचा. ही चावी उत्तम होती यात वाद नाही. पण तिला भोक लागे १० मिलिमीटरचे. पुढे जपानी कारखान्यांनीही अशा चाव्या ढिगाने काढल्या. जगात गिटारीच्या माथ्याला अशी दोन मापे झाली. त्यांतला फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, आणि आपल्या उपनगरांतल्या सैल चाव्यांचे मूळ बहुतांशी या सव्वा मिलिमीटरात आहे.

आता ही गिटार आपल्याकडे कशी रुळली ते पाहू. धोबी तलावच्या परिसरात गोव्याहून आलेल्या वादकांची वस्ती जुनी. १८६५ साली स्थापन झालेली फुर्ताडो यांची संगीतपेढीही त्याच भागातली. बोलपटांचा काळ आला तसा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा भरणा झाला, आणि स्टुडिओही मालाड, गोरेगाव, अंधेरीकडे सरकले. लखनौहून आलेले व्हॅन शिप्ले यांनी विद्युत गिटारीवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांनी हे वाद्य ज्यांनी कधी पाहिलेही नव्हते त्यांच्या कानी पोहोचवले. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) या चित्रपटात भूपिंदर सिंग यांची गिटार ऐकून किती तरुणांनी घरी हट्ट धरला असेल, याची गणती नाही. त्या काळी संपूर्ण गाणे एका दमात ध्वनिमुद्रित होई. एकाची तार उतरली तर साऱ्या ताफ्याला पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. चावी घट्ट असणे हा तेथे हौसेचा नव्हे, पोटाचा प्रश्न होता.

तरुणांचे बँड तेव्हाच उदयास आले. एका सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या निवडक बँडांच्या १९७० आणि १९७१ साली ध्वनिमुद्रिका निघाल्या. पुढे १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ स्थापन झाला. चर्चमध्येही गिटारीला वाट मिळाली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक संविधानाच्या १२० व्या कलमात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले असले, तरी इतर वाद्यांनाही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने प्रवेश दिला आहे. त्यावर बऱ्याच ज्येष्ठांनी नाके मुरडली. नाताळचे जे शांत गीत जगभर गायले जाते, ते २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायले गेले तेव्हा साथीला गिटारच होती, हे अशांना सांगण्याजोगे आहे. असो.

मागणी अशी वाढत होती, पण माल कोठून यायचा? कलकत्त्याच्या गिवसन गिटारी मिळत आणि शिकणाऱ्यांना त्यांचाच मोठा आधार होता. परदेशी विद्युत गिटार मात्र आयात परवान्याच्या त्या युगात दुकानात जाऊन सहज घेता येत नसे. ती येई जहाजावर नोकरी करणाऱ्या काकांच्या सामानातून, १९७३ नंतर आखातात गेलेल्या थोरल्या भावाच्या पेटीतून, किंवा चोर बाजारातून. गिटार आली, तरी तिचे सुटे भाग येत नसत. एक चावी मोडली, की तशीच दुसरी मिळण्याची आशा नाही. मिळेल ती घ्यायची आणि लाकडालाच तिच्या मापाचे करायचे. क्लुसनच्या मापाच्या गिटारीला जपानी बंदिस्त चाव्या मिळाल्या, तर सुताराकडून भोके मोठी करून घ्यायची. त्यांत कानस फिरली, गिरमिट फिरले, कधी तापलेली सळईही फिरली. भोक मोठे करणे सोपे असते. काही वर्षांनी त्या चाव्याही झिजल्या. तोवर काळ बदलला होता. १९९१ पासून आयातीची दारे किलकिली झाली, १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधनेही उठली, आणि स्वस्त चाव्यांचे जोड सर्वत्र मिळू लागले. त्यांतले पुष्कळसे जुन्या क्लुसनच्या घाटाचे होते. वाढवलेल्या १० मिलिमीटरच्या भोकात ८.७ मिलिमीटरचा बुश घातला तर काय होणार? दुकानातली चावी नवी, चकचकीत आणि निर्दोष असते. घरी ती खुळखुळते.

अंधेरीच्या एका कुटुंबाची गिटार आमच्या पाहण्यात आली होती. घरातल्या आजोबांनी बोटीवरच्या नोकरीत असताना ती आणलेली. चाव्या उतरवून माथ्याची मागची बाजू उजेडात धरली तेव्हा एकेका चावीखाली स्क्रूच्या छिद्रांचे तीन निरनिराळे जोड दिसले, आणि मोठ्या भोकाभोवती कानशीचे वण. पहिला जोड कारखान्याचा, सरळ रेषेत. दुसरा जरा तिरका, पण विचारपूर्वक पाडलेला. तिसरा घाईचा, त्याचे एक छिद्र तर दुसऱ्याच्या कुशीत शिरलेले. पुराणवस्तूवाले मातीचे थर वाचतात, तसे तीन पिढ्यांचे व्यवहार त्या लाकडावर वाचता येत होते. चौथ्या वेळी दुकानदाराने सल्ला दिला होता की भोके आणखी थोडी वाढवून याहून जाड चाव्या टाकाव्यात. आमचा विरोध आहे तो नेमका या सल्ल्याला. माथ्याचे लाकूड दोन भोकांच्या मध्ये आधीच थोडे. ते एकदा गेले की परत येत नाही, आणि चिरफळले तर गिटारच जाते.

चावी सैल झाली म्हणजे नेमके काय होते? विद्युत गिटारीच्या एकेका तारेचा ताण साधारण ७ ते ९ किलो, सहा तारांचा मिळून ४५ किलोच्या आसपास. ही ओढ चावीच्या खांबाला मानेच्या दिशेने झुकवते. बुश भोकात घट्ट असेल तर तो खांबाला सरळ उभा धरतो. बुशाभोवती पोकळी असेल तर खांब कलतो, मागचे स्क्रू उपटू लागतात, आतले दाते एकमेकांवर वाकडे बसतात आणि मूठ फिरवताना सूर कधी जागेवर राहतो, कधी एकदम उडी मारतो. चावी आपण होऊन मागे फिरत नाही, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा दोष बहुतेक वेळा चावीच्या यंत्रात नसून ती जिथे बसते त्या भोकात असतो.

काही वेळा तर भोकातही नसतो. मानेच्या टोकाशी खाचांची जी पट्टी असते, तिच्या अरुंद खाचेत तार अडकते आणि मग टक् असा आवाज करून सुटते. दोष लागतो चावीला. शिसपेन्सिलीची पूड खाचेत भरून पाहावी. तेवढ्याने आजार गेला तर पैसे वाचले. तार खांबावर एकावर एक चढवून गुंडाळली असली तरी ती बसता बसता सूर उतरतो. आणि उतरलेली तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणावी, वरून खाली सोडत आणू नये, म्हणजे दात्यांतली ढिलाई ताणाच्या बाजूला राहते.

बंदिस्त चावी हलत असेल तर आधी माथ्यावरचा षटकोनी नट पाहावा. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात आक्रसते; तेव्हा नट आपोआप सैल होतो. पान्याने पाव फेरा दिला तरी पुरे. जुलैत गच्च आवळणाऱ्यांच्या बुशाचे आटे जातात.

मागचे स्क्रू नुसतेच फिरत असतील तर जाड स्क्रू घुसवू नये. छिद्रात गोंद सोडून बांबूची बारीक काडी घट्ट बसवावी. उदबत्तीच्या काडीचा कोरा भाग याला फार चांगला; आगकाडीचे लाकूड मऊ, ते टिकत नाही. गोंद सुकल्यावर काडी पृष्ठाशी सपाट कापावी, मधोमध स्क्रूहून बारीक छिद्र पाडावे आणि स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळून तो हलकेच पिळावा. मेण न लावल्यास कठीण लाकडात हे नाजूक स्क्रू डोक्याशी तुटतात.

मोठ्या भोकाचे दोन इलाज आहेत. पहिला, मधला बुश : बाहेरून १० मिलिमीटर, आतून पाव इंच. परदेशात तो तयार मिळतो, आता आपल्याकडेही मागवता येतो. आणि नाही मिळाला तर मरोळ किंवा साकीनाक्याच्या ज्या गाळ्यांत दिवसभर लेथवर यंत्रांचे भाग कातले जातात, तेथे पितळेचे असे सहा बुश कातून देणे ही कारागिराला घटकाभराची गोष्ट आहे. जुनी चावी आणि नवी चावी दोन्ही न्यावीत, भोकाचे माप व्हर्नियरने घ्यावे, अंदाजाने नको. आमच्या मते हा इलाज सर्वांत चांगला, कारण यात लाकडाला हातच लागत नाही.

दुसरा इलाज भोक वेडेवाकडे झाले असेल तेव्हाचा. भोक गोल करून त्यात कठीण लाकडाची गुल्ली गोंदाने बसवायची आणि नवे भोक योग्य मापाने पाडायचे. अंधेरीच्या त्या गिटारीला हेच करावे लागले. पूर्वी सुतार यासाठी सरस उकळीत. १९५९ पासून फेव्हिकॉल आला. एकेकाळी लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई म्हणून राबलेल्या बळवंत पारेख यांनी तो आणला, आणि त्यांच्या पिडिलाइट कंपनीचा कारभार अंधेरीतूनच चालतो. गोंदाला पूर्ण एक दिवस द्यावा, पावसाळ्यात दोन. नवे भोक पाडताना माथ्याच्या मागे दुसरी फळी घट्ट दाबून धरावी, नाहीतर गिरमिट बाहेर येताना लाकडाच्या चिपा उडतात. सहाही भोकांचे मध्य आधी एका रेषेत आखून घ्यावेत. एक जरी हुकला तरी चाव्यांची ओळ वाकडी दिसते आणि डोळ्याला ते कायमचे खुपते.

तारा चढवताना सहाही एकदम सुरात आणू नयेत. आधी सगळ्या अर्ध्या ताणावर आणून गिटार रात्रभर ठेवावी, सकाळी प्रत्येक चावीच्या बुडाशी बोट लावून काही हलते का पाहावे आणि मग पूर्ण सूर लावावा. काढलेल्या जुन्या चाव्या भंगारात देऊ नयेत. त्यांतली एखादीच मोडलेली असते. उरलेल्यांचे स्क्रू, मुठी आणि वॉशर कामाचे असतात. औषधाच्या रिकाम्या डबीत घालून, वर चिठ्ठीवर भोकाचे माप लिहून, ती डबी गिटारीच्या पेटीतच ठेवावी.